ओळख दिली कुणी, वापरली कशी : हिंगण्यातल्या एका युनिफॉर्म उद्योगाचं प्रकरण

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात कारखान्यांसाठी युनिफॉर्म शिवणारा एक छोटा उद्योग आहे. मालकीण चाळिशीतल्या. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच. चौदा शिलाई मशीन, दोन ओव्हरलॉक, एक कटिंग मास्टर आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून येणाऱ्या कारागीर बायका. शर्ट-पँट, ॲप्रन, डांगरी, रिफ्लेक्टिव्ह पट्टीची जॅकेटं असं काम. कापड शहरातल्या गांधीबागेच्या बाजारातून येतं, घाई नसेल तर थेट राजस्थानातल्या भिलवाड्याहून. लहान उद्योगांची विक्री आणि वसुली बघणं हे माझं काम, त्यामुळे हे प्रकरण जवळून पाहता आलं. ताईंना विचारून लिहितो आहे. माणसांची आणि कारखान्यांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही टाळले आहेत.

नेटवर्किंगबद्दल आपल्याकडे जे शिकवलं जातं ते बहुतेक पहिल्या भेटीचं असतं. एका मिनिटात स्वतःबद्दल काय सांगायचं, कार्ड कधी पुढे करायचं, समोरच्याचं नाव लक्षात कसं ठेवायचं. ताईंना त्यातलं सगळं येत होतं. त्यांचं नुकसान झालं ते ओळख झाल्यानंतर, आणि पुढे जे सावरलं तेही तिथेच. माझ्या मते लहान उद्योजकाने शिकायचं ते एवढंच आहे: कुणी आपल्यासाठी शब्द टाकला, तर त्या माणसाचं पुढे काय होतं याची जबाबदारी आपली.

निम्मा धंदा एका पार्टीवर

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कारखान्याचं काम ताईंकडे बरीच वर्षं होतं. वर्षातून दोनदा ऑर्डर, पेमेंट थोडं उशिरा पण बुडायचं नाही. उलाढालीचा जवळपास निम्मा भाग याच पार्टीवर. मग त्या कंपनीने सगळ्या प्लांटची खरेदी मुख्य कार्यालयातून एकत्र करायचं ठरवलं आणि रेट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ठरलेल्या दराने पुरवठ्याचा करार, बाहेरगावच्या मोठ्या पुरवठादाराला गेलं. ताईंच्या कामात काही खोट निघाली नव्हती. तिथले स्टोअर मॅनेजर निवृत्तीला आले होते. त्यांनी स्वतः फोन करून आधीच कल्पना दिली. त्यांना ताई काकाजी म्हणतात.

काकाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. जाता जाता त्यांनी बुटीबोरीतल्याच दुसऱ्या एका कारखान्यातल्या एचआर मॅडमना ताईंबद्दल सांगून ठेवलं आणि मगच त्यांचा नंबर ताईंना दिला. कामाला पक्क्या आहेत, एकदा सॅम्पल पाहून घ्या, असं. उभी नोकरी एकाच औद्योगिक पट्ट्यात केलेल्या माणसाने असं सांगणं म्हणजे जामीन राहणंच. कर्जदार चुकला की बँक जामीनदाराच्या दारात येते.

मेळावे, कार्डं आणि एक ग्रुप

ओळखी वाढवायला नागपुरात जागांची वानवा नाही. नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स १९४४ पासूनचं आहे, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन १९६३ पासूनची. हिंगणा आणि बुटीबोरीच्या उद्योजकांच्या आपापल्या संघटना आहेत. २०२४ पासून ‘ॲडव्हान्टेज विदर्भ’ हा औद्योगिक महोत्सव भरतो. शिवाय आठवड्यातून एकदा सकाळी सकाळी जमणारे, एकमेकांना काम मिळवून देणारे रेफरल ग्रुप.

काम गेल्याच्या धास्तीने ताईंनी जमेल तिथे हजेरी लावली. एका रेफरल ग्रुपचं वर्षाचं सभासदत्व घेतलं, एका प्रदर्शनात स्टॉल लावला, लग्नाच्या रिसेप्शनलाही पर्समध्ये कार्डांचा गठ्ठा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं. १९५३ च्या नागपूर करारानुसार वर्षातलं एक अधिवेशन इथे भरायची पद्धत आहे, आणि त्या दिवसांत ओळखीची ओळख काढत फिरणाऱ्यांनी शहरातली हॉटेलं भरलेली असतात. ताईंनीही एका मंत्र्यांबरोबर फोटो काढून स्टेटसला ठेवला. त्यावरून एकही चौकशी आली नाही. उलट एका जुन्या ग्राहकाने काळजीने विचारलं, ताई आता राजकारणात जाणार का, मग शिवणकामाकडे कोण बघणार? खरेदी करणाऱ्याला अशा फोटोतून तुमच्या टाक्याबद्दल काहीच कळत नाही.

गोळा केलेले नंबर तीनशेच्या घरात गेले. ताईंनी आधी ब्रॉडकास्ट करून कॅटलॉगची पीडीएफ पाठवली. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. नुसतं कार्ड घेणारा माणूस नंबर सेव्ह करत नाही, त्यामुळे बहुतेकांकडे तो गेलाच नाही. मग कुणीतरी सुचवलं, सगळ्यांचा एक ग्रुपच करा. ताईंनी केला. न विचारता सगळ्यांना आत घेतलं.

त्या ग्रुपमध्ये खरेदी अधिकारी होते, एचआरचे लोक होते, कापडाचे व्यापारी होते, आणि ताईंचंच काम करणारे दोन शिवणकामवालेही होते. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आठवडाभरात त्या दोघांपैकी एकाने यादी उतरवून घेऊन आपले रेट पाठवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं जमवलेली ग्राहकांची यादी ताईंनी आपल्या हाताने वाटून टाकली होती. लोक एकेक करून बाहेर पडले. यादी गेली हे नुकसान ताईंचं. पण ज्यांनी विश्वासाने नंबर दिला होता त्यांना आता अनोळखी विक्रेत्यांचे फोन येत होते, आणि ते सुरू कुठून झाले हे त्यांना पक्कं माहीत होतं.

एचआर मॅडमचा नंबर

सगळ्यात मोठी चूक मात्र अजून व्हायची होती.

रेफरल ग्रुपची मूळ कल्पना चांगली आहे. एका व्यवसायातला एकच सभासद, म्हणजे आपसात स्पर्धा नाही, आणि एकमेकांचं काम नीट समजून घेतलं तर खरोखर उपयोग होतो. पण ताईंच्या ग्रुपमध्ये दर आठवड्याला कुणी किती रेफरल दिले याचा आकडा सगळ्यांसमोर वाचला जायचा. नावापुढे शून्य आलं की माणूस अवघडतो आणि पुढच्या वेळी काहीतरी नाव देऊन मोकळा होतो. ताईंनीही तेच केलं. ग्रुपमधल्या विमा एजंटला कामगारांच्या ग्रुप मेडिक्लेमसाठी कारखाने हवे होते. ताईंनी त्याला काकाजींनी दिलेला एचआर मॅडमचा नंबर दिला.

तोपर्यंत ताईंची मॅडमशी भेट एकदाच झाली होती. सॅम्पलची डांगरी त्यांच्या टेबलावर होती, निर्णय व्हायचा होता. एजंटाने दोन दिवसांत तीन फोन केले, एक तर रात्री नवानंतर. प्रत्येक वेळी ताईंचं नाव घेतलं. मॅडमनी ताईंना काहीच म्हटलं नाही. त्यांनी काकाजींना फोन केला.

काकाजींचा ताईंना आलेला फोन छोटा होता. “ताई, माह्या नावानं तुम्ही तिथं गेल्या. न् त्यायचा नंबर तुम्ही बाजारात वाटून देला. मले एक फोन त करायचा होता.” सॅम्पल गेटवरच्या सिक्युरिटीकडून परत आलं. सोबत चिठ्ठीही नव्हती.

या फोनमधलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नंबर परस्पर देणं चुकलं हे ताईंना लगेच पटलं. पण त्याआधीही एक गोष्ट राहून गेली होती: मॅडमशी भेट झाली, बोलणं बरं झालं, सॅम्पल ठेवून घेतलंय, हे त्यांनी काकाजींना कळवलंच नव्हतं. ऑर्डर हातात आली की पेढे घेऊन जाऊ, असं मनात होतं. आपल्याकडे हे फार सर्रास चालतं. ज्याने दार उघडून दिलं त्याला आपण दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतो, पण दारातून आत गेल्यावर काय झालं ते सांगत नाही. तो माणूस अंधारात राहतो आणि मग तिसऱ्याच कुणाकडून त्याला वाईट बातमी कळते. काकाजींना आधीच सगळं माहीत असतं, तर मॅडमचा फोन आल्यावर ते ताईंच्या बाजूने दोन शब्द बोलू शकले असते. त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतंच.

तीन टक्के

याच सुमारास रेफरल ग्रुपमधल्या एका सल्लागाराने ताईंना एक प्रस्ताव दिला. तो एका कारखान्याचं कामगार कायद्याचं काम बघायचा, महिन्याची फी घ्यायचा. तिथलं युनिफॉर्मचं काम तो मिळवून देणार, ताईंनी बिलाच्या तीन टक्के त्याला द्यायचे, “आपसातच ठेवू.” ताईंनी रेटमध्ये तीन टक्के चढवून कोटेशन दिलं. मालकांना रेट जरा जास्त वाटला. त्यांनी ताईंना बोलावून सरळ विचारलं, यात कुणाचं काही ठरलंय का? ताई खोटं बोलल्या नाहीत. ऑर्डर तिथेच थांबली आणि सल्लागाराचंही काम गेलं.

कमिशन या गोष्टीबद्दल माझा आक्षेप नाही. इतवारी-गांधीबागेतला कापडाचा व्यापार दलालांच्या जोरावर उभा राहिला. तिथे दलाल कोण हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. कमिशन द्यायचं तर उघड द्यावं, त्याचं बिल घ्यावं, टीडीएस लागत असेल तर कापावा (१ ऑक्टोबर २०२४ पासून कमिशनवरचा दर ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला आहे), आणि मुख्य म्हणजे खरेदीदाराला ते ठाऊक असावं. इथला घोटाळा दुसराच होता. ज्याच्याकडून सल्ल्याची फी घेतो त्याच्याच खर्चाने विकणाऱ्याकडूनही पैसे घ्यायचे, आणि ते लपवायचे. ‘आपसातच’ हा शब्द कानावर पडला की उठून यावं, असं मी आता प्रत्येक उद्योजकाला सांगतो.

दुरुस्ती

ताई माझ्याकडे आल्या त्या खरं तर वसुलीच्या कामासाठी. बोलता बोलता हे सगळं बाहेर आलं. मी सुचवलं त्यापेक्षा जास्त त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केलं, हे नोंदवायला हवं.

व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनी बंद केला. आधी सगळ्यांना एक सरळ मेसेज टाकला: न विचारता ग्रुपमध्ये घेतलं, नंबर सगळ्यांना दिसले, माझी चूक झाली. मग काकाजींच्या घरी गेल्या. रिकाम्या हाताने गेल्या, आणि मला ते योग्य वाटलं, कारण माफीबरोबर खोका नेला की समोरच्याला रागावताही येत नाही. काकाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधी मॅडमशी बोला, मग माझ्याशी. ताईंनी विमा एजंटला प्रत्यक्ष भेटून नंबर काढून टाकायला लावला, मग मॅडमना फोन केला. नंबर मी दिला होता, काकाजींना यातलं काही माहीत नव्हतं, आता तुम्हाला त्रास होणार नाही. कामाचा विषय काढला नाही. मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे.” बस, तेवढंच.

तिथली ऑर्डर आजपर्यंत आलेली नाही. काकाजी पुन्हा पहिल्यासारखे बोलतात, पण ताईंसाठी दुसरीकडे कुठे त्यांनी अजून शब्द टाकलेला नाही. त्यांना तेवढा वेळ घेण्याचा हक्क आहे.

मग ताईंनी एक लांबट वही केली. तीनशे नंबरांतून चाळीसेक नावं निवडली. पहिला रकाना ‘ओळख कुणी दिली’. दुसरा, त्या माणसाला काय लागतं. तिसरा, मी त्याला काय कबूल केलंय. ‘मला त्यांच्याकडून काय हवंय’ असा रकाना मी सुचवला होता, तो त्यांनी ठेवला नाही. म्हणाल्या, ते मला पाठ आहे.

कुणाच्याही ओळखीने कुठे गेल्या तर त्या संध्याकाळपर्यंत त्या माणसाला कळवायचं, हा नियम त्यांनी घातला. काही झालं नसेल तरी कळवायचं. त्यांचा एक मेसेज त्यांच्या परवानगीने देतो:

“नमस्कार भाऊ. तुम्ही सांगितलेल्या साहेबांना आज भेटले. त्यांचं या वर्षीचं काम दुसरीकडे दिलेलं आहे, मार्चमध्ये परत विचारतो म्हणाले. सॅम्पल ठेवून घेतलं. तुमचं नाव सांगितल्यावर नीट वेळ दिला त्यांनी. तुम्हाला काही करायचं नाहीये, फक्त कळवलं.”

यातलं ‘तुम्हाला काही करायचं नाहीये’ हे वाक्य फार कामाचं आहे. ओळख देणाऱ्याला वाटत असतं की आता हे पुन्हा गळ घालणार. ते ओझं इथे उतरतं.

नंबर देण्याची पद्धतही बदलली. आता कुणी नंबर मागितला तर ताई ज्याचा नंबर आहे त्याला आधी विचारतात: अमुक माणूस आहे, हे काम करतो, तुमच्याशी बोलायचं म्हणतो, देऊ का? नाही म्हटलं तर मागणाऱ्याला तसं सांगतात. यात एक-दोन दिवस जातात. जाऊ देत.

धागा जाळून दाखवला

रेफरल ग्रुपमध्ये ताई आधी म्हणायच्या, कुणालाही युनिफॉर्म लागले तर सांगा. हे ऐकून कुणाच्याच डोळ्यांपुढे कुणी येत नाही. मग त्यांनी मागणं बदललं: हिंगणा किंवा बुटीबोरीत फॅब्रिकेशनचं काम, पन्नास ते दोनशे कामगार, त्यात वेल्डर, आणि मला मालकाकडे जायचं नाही, स्टोअर बघणाऱ्या माणसाला भेटायचंय. ग्रुपमधला वेल्डिंग रॉडचा विक्रेता, ज्याच्याशी ताईंचं नमस्कारापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं, तो लगेच म्हणाला, असे चार जण माझ्याकडून रॉड घेतात. त्याने एकाला विचारलं आणि मग भेट ठरवली.

त्या कारखान्यातल्या स्टोअरवाल्या भाऊंना सगळ्यांसाठी एकच कापड हवं होतं, पॉलिकॉटन (पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण), कारण ते स्वस्त पडतं, धुवायला सोपं आणि लवकर विटत नाही. ऐंशीच्या आसपास डांगऱ्या. ताईंना कामाची निकड होती. तरी त्यांनी विचारलं, यात वेल्डर किती? बावीस. ताईंनी पर्समधून कापडाचे दोन तुकडे काढले, दोन्हीतून एकेक धागा उसवला आणि भाऊंकडून माचिस घेतली. सुती धागा कागदासारखा जळला, बोटाने चोळल्यावर राखेचा भुगा झाला. पॉलिस्टरचा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी राहिला. ठिणगी पडल्यावर हा मणी कातडीला चिकटतो, ताई म्हणाल्या, वेल्डरला हे कापड मी देणार नाही. पेटायला सुती कापडही पेटतं, म्हणून जड कामाला वरून चामड्याचा ॲप्रन हवाच, हेही सांगितलं. ॲप्रन त्या विकत नाहीत. बाकीच्या कामगारांसाठी तुमचा आत्ताचा पुरवठादार ज्या भावाने देतोय त्याहून कमी मला परवडणार नाही, त्यांच्याकडूनच घ्या, असंही म्हणाल्या. ऐंशीच्या चौकशीतून त्यांनी जाड सुती ड्रिलच्या फक्त बावीस डांगऱ्यांची ऑर्डर घेतली.

निकड असताना अठ्ठावन्न नग सोडून देणं सोपं नसतं. पण या भेटीबद्दल भाऊंनी आजूबाजूच्या कारखान्यांत आपण होऊन सांगितलं. हिंगण्यात स्टोअरवाले एकमेकांकडून अडीनडीला बेअरिंग, नट-बोल्ट उसने नेत असतात, एकमेकांना गेटपास करून देतात, आणि कोणता पुरवठादार कसा आहे हे तिथेच ठरतं. मालक मंडळी मेळाव्यात भेटतात. ही माणसं मेळाव्यात येत नाहीत. ताईंना त्या एका भेटीतून पुढे तीन चौकश्या आल्या आणि दोन कामं झाली.

दूरच्या ओळखीतून नवं काम येतं, यामागे कारण आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं की आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी येते ती सैल ओळखीतून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त लोकांवरचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. त्यात नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मध्यम सैल ओळखी, अगदी जवळच्याही नाहीत आणि अगदी तोंडओळखीच्याही नाहीत. दोन्ही अभ्यास नोकरीबद्दलचे आहेत, धंद्याला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण ताईंच्या वहीत पाहिलं तर रॉडवाला याच जातीची ओळख आहे: दर आठवड्याला दिसणारा, तरी वेगळ्याच जगात वावरणारा.

देण्याच्या बाजूलाही ताईंनी सुरुवात केली. कटिंगमधून सुती कापडाच्या चिंध्या निघतात, त्या भंगारवाला कवडीमोलाने न्यायचा. शेजारच्या गल्लीतल्या मशीन शॉपला मशीन पुसायला सुती चिंधीच लागते. ताईंनी दोघांचं बोलणं करून दिलं आणि आता चिंध्या तिकडे जातात. एकदा पंधराशे नगांचं काम पंचवीस दिवसांत मागितलं गेलं. चौदा मशीनवर ते होणारं नव्हतं. ताईंनी ग्राहकाला विचारून ते महालातल्या एका मोठ्या युनिटकडे पाठवलं आणि मध्ये स्वतःचं काही ठेवलं नाही. त्या युनिटकडून अजून काही परत आलेलं नाही. येईल किंवा न येईल. ग्राहकाचं काम वेळेत झालं आणि तो पुढच्या लहान कामाला ताईंकडेच आला.

जिथे कागद लागतो

नागपुरात वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं आहेत, आणि इथल्या प्रत्येक पुरवठादाराच्या मनात कधी ना कधी येतं की तिथे आपलं कुणी असतं तर! ताईंनीही नात्यातून कुणी साहेब ओळखीचे निघतात का याचा शोध घेतला होता. या दारात ओळखीचा उपयोग फार थोडा, आणि तो तसाच असायला हवा. केंद्र सरकारच्या उपक्रमांनी वार्षिक खरेदीतला २५ टक्के भाग सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहे. ताई त्यात बसतात. त्यासाठी लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी हवी, सरकारी खरेदीसाठी २०१६ साली सुरू झालेल्या जेम पोर्टलवर नाव हवं, उत्पादनाची माहिती नीट भरलेली हवी. साहेबांच्या ओळखीपेक्षा इथे कामी आली ती आधीपासून जेमवर माल विकणाऱ्या एका फर्निचरवाल्याची ओळख. त्याने दोन संध्याकाळी बसून ताईंना पोर्टल भरायला शिकवलं. अधिकाऱ्याकडून सवलत मागणं आणि दुसऱ्या पुरवठादाराकडून पद्धत शिकणं, यात नेटवर्किंगची चांगली-वाईट बाजू स्पष्ट दिसते.

अडकलेलं बिल

स्टोअरवाल्या भाऊंमुळे मिळालेल्या दोन कामांपैकी एकात ताई पुन्हा अडकल्या. ओळखीतून आलेल्या कामात हा धोका कायम असतो. मालक म्हणाले, “ओळखीतलं काम आहे ताई, पीओ-बीओ पाहू मंग.” ताईंनी पीओशिवाय, म्हणजे लेखी ऑर्डरशिवाय, साठ डांगऱ्या शिवल्या. माल गेल्यावर काही मापं बदलून मागितली गेली, त्यावरून बिल थांबलं आणि चार महिने थांबूनच राहिलं. ओळखीत लिहून कसं मागायचं, हा संकोच मी रोज बघतो. ओळख असेल तर लिहून घेणं जास्त गरजेचं, कारण वाद झाला तर दोघांबरोबर तिसराही भरडला जातो.

कायदा ताईंच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. वर आयकरातल्या नव्या तरतुदीमुळे २०२३-२४ पासून असं थकवलेलं पेमेंट खरेदीदाराला प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही. पीओ नव्हता, पण स्टोअरचा तारखेसह शिक्का असलेलं माल पोचल्याचं चलान होतं आणि मापांची यादी मालकांच्याच व्हॉट्सॲपवरून आलेली होती. दावा टिकण्यासारखा होता.

प्रश्न होता तो भाऊंचा. थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार टाकली तर त्यांना ती दुसऱ्यांकडून कळणार. ताई आधी त्यांच्याकडे गेल्या, चलान दाखवलं, काय करणार ते सांगितलं. भाऊ म्हणाले, मी बोलतो मालकाशी. ताईंनी नको म्हटलं. “तुम्ही मधात पडू नका भाऊ. तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून आले.” मग व्याजाचा हिशेब जोडून, पंधरा दिवसांची मुदत देऊन मालकांना पत्र गेलं.

मुदतीच्या आत निम्मी रक्कम आली. सहा डांगऱ्यांच्या मापाचा वाद उरला. त्या ताईंनी बदलून द्यायच्या आणि माल मिळाल्यापासून सात दिवसांत बाकी रक्कम चुकती करायची, असं दोघांच्या सह्यांनी लिहून झालं. व्याज ताईंनी सोडलं. पुढचं काम पीओ हातात आल्यावरच कापायला घ्यायचं, हेही त्याच कागदावर आहे, आणि त्याची एक प्रत ताईंनी भाऊंना पाठवली.